भेट नावाचं बटण

धाकट्या मुलीचं लग्न एकदा ठरलं, मोडलं, आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षी मास्तरांची मूत्रपिंडं संपावर गेली. "व्याह्यांनी शेवटी ऐकलं, पण ह्यांच्या मूत्रपिंडांनी काही ऐकलं नाही," असं मास्तरीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते शिंपी. गळ्यात टेप टाकून हिंडणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. चाळीस वर्षं सगळ्या पेठेनं मास्तर म्हटलं, तोवर त्यांना स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. मापाच्या वहीत आकडे तेवढे लिहायचे आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी त्याचं नाक काढायचे. एकाही शर्टाची कधी अदलाबदल झाली नाही. बासष्टाव्या वर्षी दुकान बंद केलं आणि प्रौढांच्या वर्गात जाऊन बसले. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचं?" हे म्हणाले, "मास्तर." वर्ग बराच वेळ हसत होता.

पण शिकले. दुकानांच्या पाट्या वाचायला लागले, औषधाच्या बाटल्या वाचायला लागले, आणि वाचलेलं खरं मानायला लागले. उशिरा शिकलेल्या माणसाचं हेच होतं. ज्यानं लहानपणी वाचलेलं असतं त्याला छापलेलं खोटं असू शकतं हे ठाऊक असतं. मास्तरांना ते ठाऊक नव्हतं.

तर मूत्रपिंडं गेली आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस सुरू झालं. उजव्या हातात दोन सुया, चार तास खुर्चीत. "जन्मभर मी मशीन चालवलं," ते नर्सबाईंना म्हणाले, "आता मशीन मला चालवतंय." हसण्यावारी न्यायचे, पण एक गोष्ट त्यांना आतून टोचत होती. आता गाव सोडून कुठे जाता येणार नव्हतं. आणि त्यांची अक्का विमानानं जावं लागेल इतक्या लांब, आपल्या मुलाकडे होती.

अक्का नऊ वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं तिनं बाजारात भाजी विकली. आता दोन्ही गुडघे गेलेले, म्हणून अंथरुणाला धरून. कानही गेलेले, म्हणून फोनचा उपयोग नाही. भाच्यानं फोनवर चेहरा दाखवायची सोय केली होती, पण त्यात एका बाजूनं मास्तर ओरडायचे, "ऐकू येतंय का?" आणि दुसऱ्या बाजूनं अक्का ओरडायची, "जेवलास का?" पाव तास असं चाललं की दोघंही डोळे पुसायचे आणि फोन बंद व्हायचा. एकूण बोलणं म्हणून एवढंच.

यावर तोड सूनबाईनं काढली.

सूनबाई त्याच इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. दिवसभर लोकांचं रक्त तपासायची आणि घरी येऊन फोनवरच्या खेळात ते सांडायची. तो खेळ म्हणजे एक सबंध दुनियाच होती. डोंगर, नद्या, गावं, बाजार, आणि त्यात देशोदेशीची हजारो माणसं आपापली सोंगं घेऊन हिंडताहेत, लढताहेत, मालाची देवाणघेवाण करताहेत. सूनबाई तिथे चौतीस जणांच्या एका टोळीत होती आणि टोळीच्या कोठाराची राखणदार होती. घरात ती मीठ कुठे ठेवलंय हे विसरायची, पण कोठारातला एकेक खिळा तिला तोंडपाठ.

"बाबा, तुम्ही आणि आत्या खेळातच भेटा," ती म्हणाली. "तिथे कान लागत नाहीत. गुडघेही दुखत नाहीत. दोघं मिळून नदीकाठानं फिरा."

"मी ह्या वयात खेळू?"

"खुर्चीत बसून छत मोजता, त्यापेक्षा बरं."

मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, "खेळू दे गं. लहानपणी अक्कानं खेळू दिलं नव्हतं म्हणतात, कायम कामाला लावलं. आता होऊन जाऊ दे हौस."

सूनबाईनं मास्तरांना एक सोंग करून दिलं. सडपातळ, हिरव्या टोपीचा माणूस. पलीकडे भाच्यानं अक्कालाही एक करून दिलं. यादीत दोघांची नावं 'भाऊ' आणि 'बहीण' अशीच घातली. खेळाची भाषा मराठी केली. ते मराठी कुणा परक्यानं कोशात एकेक शब्द शोधून केलेलं होतं. पहिल्याच दिवशी एका रानडुकरानं मास्तरांना लोळवलं आणि पाटी आली, "आपण मृत झाला आहात. पुढे जायचे आहे का?" मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत इतके हसले की मशीन वाजायला लागलं.

"आणि हो," कामावर जाता जाता सूनबाई म्हणाली, "तुमच्या पिशवीत थोडं सामान ठेवलंय. माझ्या पिशवीत जागा नाही. असू द्या."

'असू द्या' म्हणजे 'राहू द्या, हात लावू नका.' पण 'असू द्या' हे घरातलं मोठं माणूस काही हातावर ठेवतानाही म्हणतं. मास्तरांनी पिशवी उघडली. आत चमचमणाऱ्या सुताची त्र्याण्णव रिळं. खाली नाव, चांदणसूत. शिंप्याच्या पिशवीत सुनेनं सूत भरून दिलं! त्यांचा ऊर भरून आला. सून गुणाची, हे त्यांचं आधीपासूनचं मत होतं.

आता अक्काला गाठायचं. मास्तरांनी यादीत तिचं नाव शोधलं. त्यावर बोट ठेवलं की खाली बटणं उघडायची. त्यांनी एकेक करून वाचली. 'संभाषण.' तिला ऐकू येत नाही, काय उपयोग. 'द्वंद्व.' अक्काशी? देवा. 'सोबत.' कुणाची सोबत, कशाला सोबत, काही कळेना. 'निष्कासन.' हे वाचतानाच जीभ अडकली. आणि शेवटी, मोठ्या ठसठशीत अक्षरात, 'भेट.'

"हे बघा," ते शेजारच्या खुर्चीतल्या रोग्याला म्हणाले, "किती सोपं करून ठेवलंय."

भेट दाबलं. पाटी आली, "काय देणार?"

मास्तरांना खेळाबद्दल एकदम आदर वाटला. बहिणीला भेटायला निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत! चांगली माणसं दिसतात. त्यांनी सुताचं एक रीळ निवडलं. गोल चक्र फिरलं आणि अक्षरं उमटली, "भेट पूर्ण झाली."

मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हिरव्या टोपीचा माणूस विहिरीपाशी एकटाच उभा होता.

"झाली?" ते म्हणाले. "कधी झाली?"

त्याच वेळी पलीकडे काय झालं, ते पुढे भाच्यानं सांगितलं. अक्काला अक्षरं येत होती ती भाजीच्या पाट्यांवरून. भोपळा, भेंडी, असं लिहून लिहून भ तिचा पक्का. तिच्या फोनवर पाटी आली, "भावाची भेट." तिनं चष्मा लावला. भाऊ दिसेना. पायाशी एक रीळ पडलेलं. तिनं भाच्याला हाका मारल्या, "अरे, तो येऊन गेला! मी डोळा मिटला तेवढ्यात आला, दाराशी ठेवून गेला. उठवायचं नाही का मला?" आणि तिनं लगोलग त्याला गाठायचं ठरवलं. यादी उघडली, भ शोधला, बटण दाबलं. "काय देणार?" अक्का म्हणाली, "देणार तर! रिकामी जाईन होय?" आणि आपल्याजवळ होतं ते एक बदक तिनं निवडलं.

इकडे मास्तरांच्या पायाशी एक बदक येऊन उभं राहिलं. पाटी आली, "बहिणीची भेट."

मास्तर बदकाकडे बराच वेळ बघत राहिले. मग समजले. अक्काला यायला जमलं नाही. गुडघे. म्हणून बिचारीनं काहीतरी धाडून दिलं.

बस, इथून पुढे दोघांचं सुरू झालं. मास्तर रोज चार वाजता भेट दाबायचे, रीळ जायचं, अक्का दिसायची नाही. अक्का भेट दाबायची, बदक जायचं, भाऊ दिसायचा नाही. दोघांच्याही मनात एकच, 'माझ्याकडूनच काही कमी पडत असेल.' म्हणून मास्तरांनी एकाची दोन रिळं केली, दोनाची पाच. अक्कानं बदकांवर टोपी चढवली, टोपीवर भोपळा. दोन महिन्यांत हिरव्या टोपीच्या माणसामागे सतरा बदकं रांगेनं चालायला लागली.

"घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," मास्तरीणबाई फोनमध्ये डोकावून म्हणाल्या. "अहो, ही पाळायची कुणी?"

"खात नाहीत ती."

"मग तुमच्यापेक्षा बरी."

सूनबाई अधूनमधून विचारायची, "काय बाबा, भेटतात का आत्या?"

मास्तर नजर न उचलता म्हणायचे, "रोज भेट पूर्ण होते." हे खोटं नव्हतं. पाटीवर तसंच लिहून यायचं. पण बहीण येत नाही हे सुनेला सांगायचं म्हणजे बहिणीला कमीपणा, आणि तो मास्तरांनी कधी सत्तर वर्षांत येऊ दिला नव्हता.

इकडे अक्काकडे सूत साठायला लागलं. अक्का शिवणारी नव्हे, विकणारी. खेळात बाजार आहे हे कळल्यावर तिचे हात शिवशिवायला लागले. तिनं बाजारात एक जागा धरली, पुढ्यात रिळं मांडली. आता या चांदणसुताची गोष्ट अशी की ते त्या दुनियेत कुठे पिकत नव्हतं. महिनोन् महिने धडपडावं तेव्हा एखादं रीळ हाती लागायचं. माणसं ते बाळगून बसायची, जिवापाड जपायची. पण भाजीवालीचा हिशोब सरळ आहे. सकाळी ताजा माल भाव खातो, दुपारनंतर माल मान टाकतो, दिवस कलायच्या आत टोपली रिकामी करायची. अक्का सकाळी रीळ मांडायची, दुपारी निम्म्यावर यायची, आणि चार वाजले की एका भोपळ्याला तीन रिळं देऊन मोकळी व्हायची. "उद्या कोण खातंय हे शिळं," म्हणायची. भाचा ओरडून सांगायचा, "आई, सूत सुकत नाही!" तिला ते ऐकूच यायचं नाही.

पंधरा दिवसांत बाजार बसला. ज्यानं ज्यानं सूत लपवून ठेवलेलं, तो तो घाबरून विकायला काढू लागला. सूनबाई एका संध्याकाळी जेवायला बसली ती तणतणतच.

"कोण तरी मेला चांदणसूत पालेभाजीसारखं विकतोय! जुडी घ्या, जुडी! अकरा महिने चौतीस माणसं राबली त्या सुतासाठी. जहाजाचं शीड विणायचं होतं आम्हाला. आता कुत्रं विचारत नाही."

"कोण आहे तो?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"एक दाढीवाला आहे. खांद्यावर कुऱ्हाड. काही विचारा, तोंड उघडत नाही. मुका आहे की माजलाय, कळत नाही."

"असतात अशी माणसं," मास्तर सहानुभूतीनं म्हणाले.

"बरं झालं आपलं सूत तुमच्याकडे ठेवलं. बघू जरा पिशवी."

मास्तरांनी विश्वासानं फोन पुढे केला. सूनबाईनं पिशवी उघडली. आत सतरा टोप्या, एकोणीस भोपळे. रीळ एक.

"बाबा," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "सूत कुठाय?"

"अक्काला दिलं."

"सगळं?"

"एक ठेवलंय की. उद्याच्यासाठी."

"का पण? का दिलं?"

"अगं, भेटायला जायचं तर काहीतरी न्यायला नको? बहिणीला देताना हात आखडायचा का?"

सूनबाईनं घास खाली ठेवला. मग तिनं सासऱ्याकडून दोन महिन्यांची हकिकत एकेक करून काढून घेतली. बटण दाखवा म्हणाली. त्यांनी दाखवलं. तिनं कपाळाला हात लावला.

"बाबा, ही ती भेट नव्हे. ही भेट म्हणजे वस्तू. बक्षीस देतात ना, तसली. भेटायचं बटण हे वरचं, 'सोबत'."

 मास्तरांनी ताट बाजूला सारलं. सूनबाईला वाटलं, सुताचं वाईट वाटलं असेल. रागावलेली होती तरी ती म्हणाली, "जाऊ द्या बाबा. सूतच ते."

"त्याचं नाही गं," मास्तर म्हणाले. "मला वाटत होतं ती येत नाही. मीच गेलो नव्हतो म्हणजे."

"आणि आत्या बदकं..." सूनबाईच्या तोंडून निघालं आणि ती थबकली. तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे त्यासुद्धा दोन महिने हेच बटण दाबताहेत!"

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. हसताहेत की रडताहेत, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "सारखी भावंडं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बुधवार. मास्तर सकाळपासून दाढीबिढी करून तयार. खुर्चीत बसले, सुया टोचून झाल्या, आणि डाव्या हातानं फोन उघडला. आता 'सोबत' दाबायचं. पण बटणं दिसेनात. काळ्या पडद्यावर फक्त पाटी. "संशयास्पद व्यवहारामुळे आपले खाते बंद करण्यात आले आहे."

सूनबाई जेवणाच्या सुटीत वर आली. वाचून तिचा चेहरा उतरला. तिनं समजावून सांगितलं. खेळातल्या दुर्मीळ वस्तू काही लबाड लोक खेळाबाहेर खऱ्या पैशानं विकतात. म्हणून रखवालदार डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. दोन माणसं सरळ अदलाबदल करतात तेव्हा खिडकी उघडते, दोघं आपापला माल ठेवतात, दोघं मान्य करतात, मग सौदा होतो. पण एखादा मौल्यवान माल देतच सुटला आणि बदल्यात काहीच घेत नसला, तर त्याचा मोबदला बाहेर कुठेतरी मिळत असणार.

"काहीच कसं नाही? सतरा बदकं घेतलीत मी!"

"बदकाला तिथे कुणी धूप घालत नाही, बाबा."

"तो चोरटा धंदा करणारा मी?"

"आणि आत्या. त्यांचंही खातं बंद केलंय. तो दाढीवाला म्हणजे आत्याच."

मास्तरांना एवढ्या दुःखातही आश्चर्य वाटलं. "अक्काला दाढी?"

भाच्याचा निरोप गुरुवारी संध्याकाळी आला आणि हसणं संपलं. अक्कानं तिच्या काळ्या पडद्यावर 'बंद' एवढाच शब्द वाचला होता. तो तिला दुकानांच्या दारांवरून ओळखीचा. भावानं दार लावलं, असा तिनं अर्थ काढला. 'त्याच्याकडे जाणं झालं नाही माझं, नुसती बदकं पाठवत राहिले, म्हणून रागावला,' म्हणते. भाच्यानं कागदावर लिहून दाखवलं तर म्हणाली, 'तू मामाचीच बाजू घेशील.' दोन दिवस नीट जेवली नव्हती. ऐंशीव्या वर्षी न जेवता फार दिवस निघत नाहीत.

"उघडायला लाव," मास्तर सुनेला म्हणाले. या घरात त्यांनी कधी कुणाला हुकूम केला नव्हता. "काय पाहिजे ते कर, पण उघडायला लाव."

उघडायचा मार्ग एकच होता. एक अर्ज. ज्याचं खातं त्यानं स्वतः भरायचा. सूनबाईनं शुक्रवारी तो अर्ज फोनवर काढून दिला, शेजारी बसून पहिले सहा प्रश्न भरून घेतले आणि कामाची वेळ झाली म्हणून उठली. "सातवा एकच राहिलाय. 'काही नाही' एवढं लिहा आणि पाठवा. दोन शब्द. जमेल ना?"

"दोन शब्दांना काय."

ती गेली. मास्तरांनी सातवा प्रश्न वाचला. दोनदा वाचला. "सदर वस्तूंच्या बदल्यात आपणास सदर व्यक्तीकडून खेळाबाहेर काय मिळाले? सविस्तर लिहा."

उजव्या हातात सुया. डाव्या हाताचं एक बोट. चार तास हातात होते. मास्तरांनी लिहायला घेतलं.

मशीन थांबलं तेव्हा अर्ज गेलेला होता. सूनबाई धावत वर आली, म्हणाली, "पाठवलात?" आणि काय पाठवलं ते वाचायला लागली.

"मी दोन वर्षांचा असताना आई गेली. अक्का अकराची. तिनं मला कडेवर घेऊन बाजार केला. डाव्या हातात टोपली, उजव्या कडेवर मी. तिचा उजवा गुडघा आधी गेला तो त्यामुळे. मला गोवर आला तेव्हा ती सात दिवस आडवी झाली नाही. तिचं लग्न ठरवायला माणसं आली, तेव्हा तिनं सांगितलं, भाऊ बरोबर येईल. दोन ठिकाणची उठून गेली. तिसरी बसली. मला पहिलं मशीन तिनं घेऊन दिलं. कशातून घेतलं ते सांगितलं नाही. त्या वर्षापासून तिच्या कानात काही नव्हतं. मी पहिला शर्ट शिवला, त्याची एक बाही लांब झाली. तो तिनं नवऱ्याला घालायला लावला. तो बिचारा तो घालून बाजारात बसायचा, आणि कोणी हसलं तर म्हणायचा, फॅशन आहे. अजून पुष्कळ आहे, पण बोट दुखतं. ह्या बदल्यात मी ब्याण्णव रिळं दिली. कमी दिली हे मान्य आहे. आपला, मास्तर."

सूनबाई खुर्चीच्या काठावर बसली.

"बाबा, 'काही नाही' लिहायचं होतं."

"खोटं लिहू?"

"ते विचारताहेत की बदल्यात बाहेर काही मिळालं का. मिळालं म्हटलं की गुन्हा कबूल. तुम्ही यादी दिलीत! वर कमी दिली म्हणून मान्यही केलंत!"

"मिळालं तर आहेच," मास्तर म्हणाले. "'काही नाही' कसं लिहिणार? अक्षरं काय त्यासाठी शिकलो?"

 सूनबाईनं त्यांच्या हातावरची पट्टी नीट केली आणि डोळे पुसायला खिडकीकडे गेली.

नऊ दिवस काही आलं नाही. टोळीनं सूनबाईला जाब विचारला. घरात सगळे जपून बोलत होते. पलीकडून भाच्याचा निरोप रोज एकच, पेजेवर आहे. मास्तर रोज फोन उघडून काळा पडदा बघायचे. दहाव्या दिवशी उत्तर आलं. यावेळचं मराठी कुणी तरी मराठी माणसानं लिहिलेलं होतं.

"महोदय, आपण कबूल केलेला मोबदला आपल्याला आमचा खेळ सुरू होण्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधी मिळालेला आहे. इतक्या जुन्या व्यवहारांना आमचा नियम लागू होत नाही. दोन्ही खाती खुली करत आहोत. 'भेट' या शब्दानं झालेल्या घोटाळ्याबद्दल दिलगीर आहोत. आजपासून त्या बटणावर 'वस्तू द्या' असं लिहिलेलं दिसेल. बदकं परत करण्याची आवश्यकता नाही."

त्याच दिवशी चार वाजता मास्तरांनी 'सोबत' दाबलं. डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच हिरव्या टोपीचा माणूस बाजारात उभा होता, आणि समोर एक भला थोरला दाढीवाला, खांद्यावर कुऱ्हाड. नंतर भाच्यानं सांगितलं, सोंग निवडताना अक्कानं दुसऱ्या कशाकडे पाहिलंच नव्हतं. "ह्याचे गुडघे मजबूत दिसताहेत," म्हणाली होती.

दाढीवाला पुढे आला. थांबला. मग हिरव्या टोपीच्या माणसाभोवती त्यानं सावकाश एक फेरी घातली. मागून बघितलं, बाजूनं बघितलं. पुन्हा एक फेरी. मास्तरांनी ती फेरी ओळखली. कधीही भेटले की अक्का त्यांना असंच खांद्याला धरून फिरवायची, वाळलाय की भरलाय ते बघायला. फेऱ्या तीन झाल्या. मग दाढीवाला मटकन खाली बसला. मास्तरांनी बसायचं बटण शोधलं आणि तेही बसले. सतरा बदकं भोवती बसली.

नर्सबाई लगबगीनं आल्या. "मास्तर, काय झालं? दुखतंय का? डोळ्यांत पाणी का?"

"नाही हो. बहीण आलीय."

नर्सबाईंनी फोनमध्ये बघितलं. कुऱ्हाड बघितली. "ही?"

"हीच," मास्तर म्हणाले. "जरा दाढी वाढलीय."

अक्का त्या दिवशी व्यवस्थित जेवली.

राहता राहिली टोळी. चौतीस जणांची सभा भरली, आणि बसलेला बाजार सावरायचा कसा यावर खल झाला. तेव्हा एकाला आठवलं की तो दाढीवाला सौद्याच्या खिडकीत कसा बसतो. समोरचा माल ठेवतो, दाढीवाला नुसता बघतो. समोरचा विनवतो, शिव्या देतो, रडतो. दाढीवाल्याला ऐकूच येत नाही. समोरचा अजून माल ठेवतो. दाढीवाला अजून बघतो. सकाळच्या वेळी त्याच्याकडून एक रीळ काढायचं तर माणूस अंगावरचं चिलखत उतरवून देतो. फक्त दुपारनंतर त्याला बाजारात बसू द्यायचं नाही. टोळीनं एकमतानं सूनबाईला कोठारावरून काढलं आणि तिथे अक्काला बसवलं. चार महिन्यांत निम्म्याहून जास्त सूत परत आलं. सूनबाई अक्काच्या हाताखाली लागली. तिला एक खिळा हवा असला तरी खिडकीत बसून वाट बघावी लागे.

"ओळख दाखवत नाहीत आत्या," ती सासूकडे तक्रार करायची.

"धंद्यात नाहीच दाखवायच्या त्या," मास्तरीणबाई म्हणायच्या. "मला पण कधी एक मेथीची जुडी फुकट दिली नाही."

मास्तर आणि अक्का मात्र रोज चार वाजता नदीकाठानं चालायचे. बोलणं नाही, लढणं नाही. रानडुक्कर आलं तर दाढीवाला पुढे व्हायचा. असं ते चौदा महिने चालले.

अक्का एकोणीस फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी, मुलाच्या घरी वारली. तिला एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती. मास्तर त्याच वर्षी सप्टेंबरच्या अकरा तारखेला, बुधवारी दुपारी, इस्पितळात वारले. सूनबाई जवळ होती.